तबकडी सुवाच्य असावी

नाशिक शहरावर सुरांचे एक जुने ऋण आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात येथे रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म १९२१ साली याच शहरात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो निर्मळ गळा कायमचा शांत झाला. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसे आता विरळा. तरीही त्यांचे गाणे आज ऐकू येते, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आणि आकाशवाणीच्या फितींवर ते कोणीतरी काळजीपूर्वक उतरवून ठेवले, आणि पुढच्या पिढीने त्या तबकड्या झिजण्याआधी नव्या माध्यमावर नेले.

थोरामोठ्यांच्या आवाजाची अशी चिंता कंपन्या वाहतात, आकाशवाणी वाहते, संग्राहक वाहतात. घरच्या आवाजाची चिंता मात्र घरानेच वाहावी लागते. रविवार कारंजा, सराफ बाजार, भद्रकाली या जुन्या पेठांतील कित्येक घरांत माळ्यावरच्या पेटीत कॅसेटी पडून असतात. कोणावर आजीने पहाटे म्हटलेली स्तवने असतात, कोणावर चातुर्मासातील एखादे प्रवचन, कोणावर लग्नघरात बोलून घेतलेला आजोबांचा आशीर्वाद. दुकानाच्या पन्नास वर्षांच्या चोपड्या जपून ठेवणाऱ्या घरात हा आवाज मात्र एकाच फितीवर असतो. फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते. एक दिवस ती यंत्रात गुंतते आणि तुटते. तो आवाज दुसऱ्या कोणत्याही बाजारात मिळत नाही.

म्हणून घरोघरी अशा फितींवरून ध्वनीच्या सीडी तयार करण्याची प्रथा पडली. पुढे अनुभव असा आला, की यांपैकी अनेक सीडी पाच-सात वर्षांतच अडखळू लागल्या. नव्या यंत्रावर चालणारी सीडी गाडीतील जुन्या यंत्रावर चालेना. मधेच टकटक आवाज येऊ लागला, शेवटची गाणी लागेनाशी झाली. दोष सीडीचा, यंत्राचा की लिहिणाऱ्याचा, हे कळण्यासाठी ही तबकडी लिहिली कशी जाते ते समजून घ्यावे लागते.

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० साली ध्वनीच्या सीडीचे नियम ठरवले. या नियमांनुसार आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतले जाते, आणि तेही डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे. ही मापे आकड्यांच्या रूपाने एका सर्पिल रेषेत लिहिली जातात. रेषा आतून बाहेर जाते आणि उलगडली तर पाच किलोमीटरहून अधिक भरते. तिच्यावरच्या खुणा नऊ निरनिराळ्या लांबीच्या असतात; सर्वांत आखूड खूण एका मायक्रॉनपेक्षाही कमी, सर्वांत लांब खूण सुमारे तीन मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वाचणारा लेसर खूण कोठे सुरू झाली आणि कोठे संपली एवढेच पाहतो. आकडा काय आहे ते त्या दोन कडांमधील अंतरावरून ठरते.

कारखान्यात छापलेल्या सीडीवर या खुणा साच्याने उठवलेल्या असतात. घरी लिहिल्या जाणाऱ्या सीडीवर, म्हणजे सीडी-आरवर, साचा नसतो. तेथे रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. सीडी राइटरमधील लेसर प्रखर होऊन त्या थरावर क्षणभर उष्णता देतो आणि तेवढी जागा कमी चमकदार होते. रंगद्रव्य ही शाई आणि लेसर हा बोरू, असे म्हणता येईल. बोरू जास्त दाबला तर शाई पसरते, कमी दाबला तर अक्षर उमटत नाही, आणि घाईने लिहिले तर अक्षराच्या कडा थरथरतात. खुणेच्या कडा आपल्या योग्य जागेपासून अशा मागेपुढे सरकल्या, की त्या दोषाला जिटर म्हणतात. घरी केलेल्या सीडीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

व्यापारी मनुष्य येथे साहजिकच विचारील, की चूक झाली तर ताळा कोण पाहतो? सीडीच्या नियमांत ताळ्याची सोय मुळातच आहे. आकडे सरळ ओळीने न लिहिता ते विखरून लिहिले जातात आणि प्रत्येक गटाबरोबर ताळ्याचे जादा आकडे जोडले जातात. त्यामुळे तबकडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग नष्ट झाला, तरी वाचणारे यंत्र तो पूर्णपणे पुन्हा मांडू शकते. पहिल्या टप्प्यावर सापडलेल्या चुकांना सी-वन म्हणतात, त्यातून निसटून दुसऱ्या टप्प्यावर आलेल्यांना सी-टू. एका सेकंदात अशा ७,३५० चौकटी वाचल्या जातात आणि त्यांपैकी सरासरी २२० पर्यंत चौकटींत चूक असणे नियमाला मान्य आहे. चांगल्या लिहिलेल्या तबकडीवर हा आकडा त्याहून पुष्कळ खाली असतो. दुसऱ्या टप्प्यावरही चूक सुटली नाही, तर यंत्र मागच्या-पुढच्या मापांवरून अंदाजाने जागा भरते, आणि तेही न जमल्यास क्षणभर गप्प बसते. ऐकू येणारी टकटक ती हीच.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि तिच्याबद्दल बाजारात पुष्कळ गैरसमज आहे. सर्व चुका ताळ्याने सुटत असतील, तर साधी लिहिलेली आणि उत्तम लिहिलेली अशा दोन्ही तबकड्यांतून बाहेर पडणारे आकडे एकच असतात. उत्तम लेखनाने आवाजात नवे माधुर्य भरत नाही. मूळ फितीतील खरखर लेसर पुसत नाही. एमपीथ्री करताना गाळून टाकलेला सूक्ष्म नाद सीडीवर लिहिल्याने परत येत नाही. उत्तम लेखन देते ती शिल्लक. ताळ्याची पुंजी आजच खर्च झाली असेल, तर उद्या एक ओरखडा पडला किंवा शाई थोडी फिकी झाली, की तबकडी दिवाळखोरीत निघते. लेखन सुवाच्य असेल, तर तीच पुंजी पुढच्या वीस वर्षांच्या झिजेसाठी हाती राहते. म्हणूनच घरच्या आवाजाच्या बाबतीत लेखनाचा दर्जा हा चैनीचा विषय राहत नाही.

सीडी राइटर बनवणाऱ्या कंपन्यांनी या दर्जासाठी जे उपाय योजले, त्यांचा विचार या दृष्टीने करावा. यामाहा कंपनीने २००१ च्या सुमारास आपल्या राइटरमध्ये ध्वनीसाठी एक खास लेखनपद्धत दिली. तिची कल्पना अगदी साधी होती: अक्षर मोठे काढावे. सामान्यतः लेखनरेषेची गती सेकंदाला सुमारे १.२ मीटर ठेवली जाते, या पद्धतीत ती १.४ मीटर ठेवली. ही मर्यादा मूळ नियमांतच बसणारी असल्याने तबकडी कोणत्याही सामान्य यंत्रावर चाले. प्रत्येक खूण थोडी लांब झाली, त्यामुळे कडेची थरथर खुणेच्या मानाने कमी झाली आणि जिटर घटला. अर्थात मोठे अक्षर काढले की पानावर मजकूर कमी मावतो. ७४ मिनिटांच्या तबकडीवर ६३ मिनिटे आणि ८० मिनिटांच्या तबकडीवर ६८ मिनिटे एवढीच जागा उरली. घरच्या कामाला हा तोटा फारसा जाणवत नाही. साठ मिनिटांची कॅसेट त्यात सुखाने मावते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीच्या दोन बाजू दोन तबकड्यांवर घ्याव्यात.

प्लेक्स्टर कंपनीने दुसरा मार्ग घेतला. तिच्या व्हॅरीरेक या सोयीत लेसरची प्रखरता थोडी कमी-जास्त करण्याची मुभा लिहिणाऱ्याला मिळाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांवरची शाई वेगवेगळी असते. सायनिन, थॅलोसायनिन आणि अ‍ॅझो हे तिचे मुख्य प्रकार. एकाच दाबाचा बोरू सर्व शायांना मानवत नाही. त्याच कंपनीच्या प्रीमियम या राइटरमध्ये लिहिलेल्या तबकडीवरील सी-वन आणि सी-टू चुका मोजून आलेख दाखवण्याचीही सोय होती. म्हणजे लिहिणे, तपासणे, दाब बदलून पुन्हा लिहिणे आणि सर्वांत कमी चुकांची प्रत ठेवून घेणे घरबसल्या शक्य झाले.

ही यंत्रे आता नव्याने बाजारात मिळत नाहीत, आणि जुनी मिळालीच तर त्यांचा लेसर थकलेला असू शकतो व त्यांची जोडणी आजच्या संगणकाला सरळ बसत नाही. त्यांच्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. त्यांनी शिकवलेली तत्त्वे आजच्या साध्या यूएसबी राइटरवरही पाळता येतात.

पहिले तत्त्व शाईची जात ओळखण्याचे. प्रत्येक सीडी-आरवर कारखान्यातच एक अदृश्य खाच कोरलेली असते. तीमध्ये निर्मात्याची खूण आणि तबकडीची माहिती असते. राइटर प्रथम ती वाचतो, मग तबकडीच्या अगदी आतल्या भागात राखून ठेवलेल्या पट्टीवर लेसरची चाचणी घेतो आणि योग्य प्रखरता ठरवतो. सराफ सोने घेण्याआधी कसोटीवर घासून पाहतो, तशीच ही रीत आहे. परंतु राइटरला ज्या निर्मात्याची माहितीच नाही, अशा निनावी तबकडीवर त्याचा अंदाज चुकतो. शेकड्याने मिळणारी, नाव नसलेली तबकडी दोन रुपयांनी स्वस्त पडते. तिच्यावर घरातील एकमेव आवाज ठेवणे हा तोट्याचा सौदा होय. नामांकित निर्मात्याची तबकडी घ्यावी आणि शक्य तर दोन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या तबकड्यांवर दोन प्रती कराव्यात. एकीची शाई दगा देईल तेव्हा दुसरी टिकलेली असेल.

दुसरे तत्त्व वेगाचे. बावन्नपट वेगाने सीडी तीनेक मिनिटांत तयार होते. याच वेगाची जाहिरात होते आणि याच वेगाने सर्वाधिक तबकड्या बिघडतात. बाहेरच्या कडेजवळ तबकडी वेगाने डगमगते आणि लेसरला प्रत्येक खुणेसाठी मिळणारा वेळ अत्यल्प असतो. म्हणून शेवटची गाणी आधी अडखळतात. मात्र जितके सावकाश तितके चांगले, हा समजही खरा नाही. आजच्या तबकड्यांची शाई वेगवान लेखनासाठी बनवलेली असते. अगदी मंद वेगात ती गरजेपेक्षा जास्त तापते. आठपट ते सोळापट हा वेग बहुतेक तबकड्यांना मानवतो. लेखनाचे काम दहा मिनिटांच्या आतबाहेर उरकते. तेवढा वेळ ग्राहकाला दुकानात थांबवावे लागत नाही, घरच्या कामासाठी तर तो नक्कीच काढता येतो.

तिसरे तत्त्व अखंड लेखनाचे. सीडी लिहिण्याच्या प्रणालीत सामान्यतः दोन पर्याय असतात. एकात लेसर प्रत्येक गाण्यानंतर बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. त्यामुळे मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते आणि जोडाच्या जागी दोष राहू शकतो. दुसऱ्यात पूर्ण तबकडी एका दमात लिहिली जाते. त्याला डिस्क-अ‍ॅट-वन्स म्हणतात. सलग प्रवचन किंवा न थांबता चाललेली भक्तिसंध्या यांच्यासाठी दुसराच पर्याय घ्यावा, म्हणजे वाक्याच्या मध्यभागी मौन पडत नाही. संगणकाकडून माहिती येण्यास उशीर झाला तर लेखन सांभाळून थांबवण्याची आणि तेथूनच पुढे जोडण्याची सोय सान्यो कंपनीने २००० साली आणली आणि पुढे जवळजवळ सर्व राइटरमध्ये ती आली. ती चालू असावीच. तरीही तिच्यावर भिस्त ठेवू नये. लेखन चालू असताना संगणकावर दुसरे काम करू नये, एवढे पथ्य पाळले की जोड देण्याची वेळच येत नाही.

या तिन्हींच्या आधी मूळ फितीकडे लक्ष द्यावे, कारण खाते चुकीचे मांडले तर सुंदर अक्षराचा उपयोग नाही. कॅसेट प्लेअरचे डोके शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावे. प्लेअरसमोर माइक धरून आवाज घेऊ नये. लाइन-आउटमधून तारेने संगणकाच्या लाइन-इनमध्ये आणावा. ध्वनीची पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही वरच्या मर्यादेच्या खाली राहील अशी ठेवावी, कारण आकड्यांत मर्यादा ओलांडली की आवाज फाटतो आणि तो पुढे कशानेही सांधत नाही. ध्वनी वेव्ह स्वरूपात साठवावा, एमपीथ्रीमध्ये नव्हे. खरखर कमी करण्याची हौस असेल तर ती वेगळ्या प्रतीवर भागवावी. अस्पर्श प्रत तशीच राहू द्यावी. आजीच्या स्तवनामागे ऐकू येणारी भांड्यांची किणकिण एखाद्या नातवाला पुढे स्तवनाइतकीच मोलाची वाटेल.

लिहून झाल्यावर ताळा पाहावा. तबकडी प्रथम घरातील सर्वांत जुन्या यंत्रावर लावून शेवटची पाच मिनिटे ऐकावीत. कमकुवत लेखन तेथे आधी उघडे पडते. मग ती संगणकावर परत उतरवून घेऊन मूळ फाइलशी ताडून पाहावी. आरंभी काही मापांचा सरकाव दिसला तर तो राइटरचा स्वभाव असतो, लेखनाचा दोष नव्हे.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ध्वनीच्या सीडीवर प्रत्येक भागातील सर्व २,३५२ बाइट आवाजासाठीच वापरले जातात. माहिती साठवण्याच्या सीडीवर मात्र त्यांपैकी २,०४८ बाइटच मजकुराला मिळतात. उरलेल्या जागेचा मोठा भाग आणखी एका ताळ्यासाठी असतो. त्यामुळे ऐकण्यासाठी ध्वनीची सीडी आणि जपण्यासाठी तीच वेव्ह फाइल माहितीच्या सीडीवर, अशा दोन्ही कराव्यात. साठ मिनिटांच्या ध्वनीची वेव्ह फाइल सुमारे ६३५ एमबीची होते, म्हणजे ७०० एमबीच्या एका तबकडीवर ती मावते. तिसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवून ती दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे द्यावी. एकाच तिजोरीतील तीन प्रती या हिशेबाने एकच प्रत होत.

तबकडीची राखण करताना बहुतेकांची चूक होते ती बाजू ओळखण्यात. चमकणारी खालची बाजू नाजूक आणि छापील वरची बाजू भक्कम, असे सर्वांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. खालच्या बाजूला एक मिलिमीटरहून जाड पारदर्शक प्लास्टिक असते. तिच्यावरचा हलका ओरखडा बहुधा ताळ्याने भरून निघतो. मजकूर वरच्या छापील बाजूच्या लगत, लाखेच्या पातळ थराखाली असतो. तेथे टोकदार पेनाने नाव लिहिले तर मजकूरच खरवडला जातो. कागदी लेबल चिकटवले तर तबकडीचा तोल बिघडतो आणि काही वर्षांनी ते सुटताना थरही सोबत नेते. नाव मऊ टोकाच्या सीडी-मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. तबकडी कडेने धरावी, डबीत उभी ठेवावी आणि उन्हापासून दूर, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवावी. प्रकाशाने शाई फिकी होते. वैशाखात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली सीडी महिनाभरात जेवढी म्हातारी होते, तेवढी कपाटात अनेक वर्षांतही होत नाही.

इतके सारे करूनही कोणतीही प्रत चिरकाल टिकत नाही. हे जैन समाजाला नव्याने सांगावे लागू नये. ताडपत्रे आणि हस्तलिखिते शतकानुशतके टिकली, ती केवळ पत्र उत्तम होते म्हणून नव्हे. लेखनिकांनी जुन्या प्रतीवरून नवी प्रत केली, श्रावकांनी त्या कामाचा भार उचलला, आणि वर्षातून एकदा पोथ्या बाहेर काढून, झाडून, कीड पाहून पुन्हा बांधून ठेवण्याचा रिवाज पाळला गेला. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. पोथ्यांच्या त्या दिवशी घरातील आवाजाच्या तबकड्याही बाहेर काढाव्यात. प्रत्येकीची शेवटची पाच मिनिटे ऐकावीत. जी अडखळली, तिची दुसऱ्या प्रतीवरून त्याच आठवड्यात नवी तबकडी लिहावी. वर्ष आणि निर्मात्याचे नाव एका वहीत नोंदवावे.

माळ्यावरच्या पेटीतील कॅसेट मात्र पंचमीची वाट पाहू शकत नाही. ती या रविवारी, दुकानाला सुटी असताना, खाली काढावी.